सात नंबरचं कुलूप

"मगदूम, लपवा मला! कुठंही लपवा, पण लवकर!"

डॉक्टर शिरोळे स्वयंपाकघरामागच्या बोळातून आत घुसला आणि थेट माझ्या अंगावर आदळला. कपाळ फुटलेलं, रक्त भुवईवरून ओघळून पांढऱ्या कोटावर उतरलेलं. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. मी आपला दुपारचं जेवण उरकून काउंटरवर सुपारी कातरत बसलो होतो. अडकित्ता हातातून पडला.

"काय झालं? कुणी मारलं?"

"बिराप्पा गेला. मघाशीच. त्याची माणसं वॉर्डात घुसलीत. सिस्टरला ढकललं, काचा फोडल्या. सिद्धाप्पाच्या हातात कुऱ्हाड आहे."

"सिद्धाप्पाच्या? आपल्या सिद्धाप्पाच्या?"

"हो, तुमच्या सिद्धाप्पाच्या! तुमच्याच गिऱ्हाइकाच्या! आता बोलत काय बसलाय?"

बाहेर रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला होता. "हितंच घुसला! लॉजात घुसला!" असं कुणीतरी बोंबललं आणि माझी पाचावर धारण बसली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मिरजेत सुखनिवास लॉजचा मॅनेजर होतो आणि पुढंही जन्मभर मॅनेजरच राहिलो. लोकांना वाटतं, लॉजचा मॅनेजर म्हणजे किल्ल्या देणारा आणि उरलेला वेळ दात कोरत बसणारा माणूस. घ्या म्हणावं एक महिना माझी खुर्ची! सुखनिवास दवाखान्याच्या अगदी समोर, मधे फक्त रस्ता. आमच्याकडं हौसेनं कुणी उतरायचं नाही. वॉर्डात पेशंट आणि लॉजवर त्याचं निम्मं घर, असा कारभार. म्हणून आम्ही खोलीत स्टोव्ह पेटवू द्यायचो, भाकरी थापू द्यायचो, व्हरांड्यात धुणी वाळत घालू द्यायचो. मालक मुंबईला. इथं भांडणं सोडवायची मी, नळाला पाणी नसलं की शिव्या खायच्या मी, आणि रडणाऱ्याला चहा पाजायचा तोही मीच.

आणि आमच्याकडं एक रीत होती. पेशंट गेला की त्याची माणसं परत लॉजचा जिना चढत नसत. सामान आम्हीच बांधायचो, खाली आणून गाडीत ठेवायचो. मग खोली धुवायची आणि दार दिवेलागणीपर्यंत सताड उघडं ठेवायचं. कुणी घालून दिली होती देव जाणे, पण माझ्यासमोर ती कधी मोडली नव्हती.

बिराप्पाची माणसं सात नंबरला होती. माझ्या डोक्यात चटकन आलं, ही माणसं लॉज पालथं घालतील, गच्ची बघतील, संडास बघतील, पण स्वतःच्याच खोलीत कशाला बघतील? तिथं तर आज पाऊलही टाकणार नाहीत. वा रे मगदूम, म्हटलं, काय डोकं चालवलंस! डॉक्टरचा दंड धरला आणि त्याला ओढतच जिन्यानं वर नेलं.

सात नंबरला बाहेरून कुलूप होतं. म्हणजे सगळी दवाखान्यातच. माझ्याकडच्या जादा किल्लीनं कुलूप काढलं, डॉक्टरला आत ढकललं, मागोमाग मीही शिरलो आणि दार लोटलं. खिडकी लावलेली, आत काळोख, रॉकेलचा आणि करपल्या भाकरीचा वास. आणि त्या काळोखातनं आवाज आला.

"कोन हाय? दादा आलं व्हय?"

मी चाचपडत खिडकी उघडली. खाटेच्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन बायाक्का बसली होती. बिराप्पाची बायको.

ही बाई तीन आठवडे आमच्याकडं होती. जत तालुक्यातलं कुठलं तरी कोपऱ्यातलं गाव. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून बिराप्पाचा पाय चिरडला, तेव्हापासून नवरा वॉर्डात आणि ही इथं. पहाटे उठून स्टोव्ह पेटवायची, मुगाचं वरण आणि भाकरी करायची, डबा घेऊन रस्ता ओलांडायची. मला मात्र सोडायची नाही. "मॅनेजर, तुमच्या नळाला पानी येतंय का नुसता वारा?" असं जिन्यातनंच ओरडायची. पण थोरला दीर सिद्धाप्पा दिसला की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडं तोंड. त्याच्याशी ती कधी बोलायचीच नाही. काही सांगायचं झालं तर चुलतदिरामार्फत, मायाप्पामार्फत. त्यांच्या घरची शिस्तच तशी होती.

"बायाक्का, तुम्ही इथं? आणि बाहेरून कुलूप?"

"सकाळधरनं. दादांनी मायाप्पा भावजींस्नी सांगून घातलंय. दवाखान्यात गर्दी हाय, तू बस गप म्हनं. मॅनेजर, मी काय शेरडू हाय व्हय कोंडून घालाय?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. घरधनी गेला की बाईला वाटेत सांगायचं नाही. गाडीत बसवायचं, 'बरा हाय, मागनं येतोय' म्हणायचं, आणि गावच्या वेशीत शिरल्यावर जे काय रडायचं ते रडू द्यायचं. अशा किती बाया मी गाडीत बसताना पाहिल्यात. तोंडं बघवायची नाहीत. सकाळीच माणूस हातचा जाणार हे ह्यांना कळलं होतं आणि तिला कळू नये म्हणून हे कुलूप. आणि मी शहाणा, त्या बाईच्याच पुढ्यात डॉक्टरला आणून उभा केला होता!

तिनं डॉक्टरला ओळखलं.

"अगं बया! डागदर न्हवं? आन् रगत कसलं ह्ये? बसा, बसा की खाली!"

तिनं त्याला खाटेवर दाबून बसवलं, कळशीत फडकं बुडवून त्याच्या कपाळावर गच्च धरलं. वय काय त्याचं, नुकतंच शिकून आलेलं पोरगं.

"कुनी मारलं तुमास्नी?"

त्यानं दाराकडं बघितलं.

"बरं ऱ्हाऊ द्या. धनी कसं हायत? ताप उतरला काय?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं म्हटलं, "बरे आहेत, बायाक्का, बरे आहेत. आता काही बोलू नका, आवाज होतोय."

"मी डागदरला इचारतिया."

खाली समोरच्या दाराची काच खळ्ळकन फुटली. कुणीतरी काउंटर उलटा केला, त्याचा धाडकन आवाज आला. डॉक्टरनं डोळे मिटले.

"बाई, ते गेले," तो म्हणाला.

मला वाटलं, आता ही किंकाळी फोडणार आणि आमचा दोघांचाही निकाल लागणार. पण तिचा हात त्याच्या कपाळावरच राहिला. फडकं तेवढं अजून घट्ट दाबलं गेलं असावं, कारण डॉक्टर कण्हला.

"कशानं?"

"पायाचं विष अंगात भिनलं. आम्ही सांगत होतो, पाय मांडीपासून काढायला हवा. काढला असता तर..."

"तर?"

"तर बहुतेक वाचले असते."

"मग काढला का न्हाई?"

"घरच्यांचा होकार नव्हता. मी रोज विचारत होतो. हातापाया पडलो. सिद्धाप्पा नाहीच म्हणाले."

"घरचं म्हंजी कोन? मी कोन व्हते त्येंची?"

"मोठ्या भावाला विचारलं आम्ही. ते म्हणाले, बायकांना त्यातलं काय कळतंय, तिला काही सांगू नका."

"आन् तुमी न्हाई सांगितलंसा?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज डबा घिऊन तुमच्या म्होरं हुबी ऱ्हायची. ताप कसा हाय म्हनून इचारायची. हितं, रस्त्याच्या ह्या अंगाला व्हते मी. येक हाक मारायची व्हती!"

तिनं फडकं काढलं आणि त्याच रक्ताळलेल्या हातानं डॉक्टरच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की तो खाटेवरून खाली कलंडला. मी मधे पडायला पुढं झालो, पण जिन्यावर पावलं वाजायला लागली. पावलं कसली, धडधड नुसती. मी हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं, बाहेर आलो आणि कुलूप परत घातलं. किल्ली खिशात टाकून जिन्याच्या तोंडाशी पोचतोय तोवर ती माणसं वर आलीच.

दहा-बारा जण असतील. बिराप्पाची हालत बिघडल्याचं कळल्यावर गावाकडनं दोन जीप भरून आले होते. पुढं सिद्धाप्पा. पटका सुटलेला, डोळे तांबारलेले, हातात कुऱ्हाड. हाच माणूस आदल्या आठवड्यात गावाकडनं येताना माझ्यासाठी द्राक्षांची पेटी घेऊन आला होता. काउंटरला टेकून तासन् तास गप्पा मारायचा. धाकट्या भावानं, बिरूनं, कुठल्या जत्रेत कुणाला चितपट केलं ते सांगताना त्याची छाती फुगायची.

"मॅनेजर, तुमच्यासंगं आमचं वैर न्हाई. डागदर द्या."

"सिद्धाप्पा, कसला डॉक्टर? इथं कुणी..."

वाक्य पुरं झालंच नाही. मायाप्पाच्या काठीचा तडाखा कोपरावर बसला आणि कडकन आवाज आला. हाड मोडल्याचा आवाज आपल्याच अंगातनं कसा येतो ते मला त्या दिवशी कळलं. मी खाली बसलो. दुसऱ्या कुणीतरी तोंडावर लाथ घातली, ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली.

"बोल! कुठं ठेवलायस?"

"नाही ठेवला! मारून टाकलंत तरी नाही!"

खोटं बोलत होतो, पण त्या क्षणी माझाच माझ्यावर विश्वास बसला होता. मला राग आला होता, साफ सांगतो. माझ्या लॉजात येऊन मला मारतात? तीन आठवडे ह्यांच्या रडण्याला मी चहा पाजला आणि आज हे?

मग एकेक दार फोडायला सुरुवात झाली. लाथ घातली की कडी तुटायची आणि आतनं बायकांच्या किंकाळ्या. स्टोव्ह लाथाडले, दुधाची पातेली उपडी केली, गाद्या फाडल्या. इचलकरंजीचा एक म्हातारा बायकोच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिला होता. तो दारात आडवा झाला, "आत पेशंट हाय, बाबांनो" म्हणत, तर त्याला चौकटीवर आपटलं. त्याचा चष्मा माझ्यापर्यंत घरंगळत आला. मी पडल्या पडल्या शिव्या देत होतो, आईबापांवरून देत होतो, पण त्या गोंधळात माझं ऐकतंय कोण!

आणि सात नंबर त्यांनी सोडला. एक जण तिकडं वळला तर सिद्धाप्पाच ओरडला, "ती आपली खोली हाय. तकडं न्हाई जायचं. बिरूची बाया हाय आत." आवाजात भीती होती त्याच्या. त्याला ते दार उघडायचं नव्हतं. तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटला डॉक्टर, माझा बेत चुकत चुकत का होईना, बरोबर निघाला.

तेवढ्यात मायाप्पा सात नंबरसमोर वाकला.

"दादा, ह्या उंबऱ्यावर रगत हाय."

"माझं आहे!" मी ओरडलो. "तुम्हीच तोंड फोडलंय ना माझं?"

"तू तर जिन्यापाशी पडलायस. तुजं रगत हितं चालत आलं व्हय?"

सगळे वळले. सिद्धाप्पानं खिशावर हात दाबून धरला, किल्ली त्याच्याकडं होती. पण काढेना. मायाप्पा त्याच्याकडं बघतोय, तो खाली बघतोय, असं चाललं होतं. आणि आतनं दारावर थाप पडली.

"दार उघडा."

मायाप्पानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"उघडा म्हनते न्हवं! डागदर हितं हाय माज्यापाशी."

मेला, म्हटलं, डॉक्टर मेला. सांगून टाकलं बाईनं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात मोडून घेतला, तोंड फोडून घेतलं, ते कशासाठी? मी उठायचा प्रयत्न केला तर एकानं छातीवर पाय ठेवून मला तिथंच दाबलं. मायाप्पानं सिद्धाप्पाच्या खिशातनं किल्ली हिसकून घेतली आणि कुलूप काढलं.

बायाक्का दारात उभी होती. पदर खांद्यावर पडलेला, केस मोकळे, हातात भाकरीचा लोखंडी तवा. तिच्यामागं, खाटेच्या आडोशाला डॉक्टर. सवयीनं सिद्धाप्पाची नजर खाली गेली. सवयीनं तिचाही हात पदराकडं गेला, पण अर्ध्या वाटेत थांबला आणि परत तव्यावर आला.

मायाप्पा आत शिरायला लागला.

"भावजी, येक पाऊल टाकलासा तर डोस्कं फोडीन."

तो जागच्या जागी थांबला. मग ती वळली, सरळ सिद्धाप्पाच्या तोंडाकडं बघून बोलली. त्या गर्दीतल्या माणसांची तोंडं मला अजून दिसतात. कुऱ्हाडीपेक्षा त्यांना तिच्या बोलण्याचाच धक्का बसला होता.

"दादा, धनी कसं हायत?"

कुठल्याशा खोलीत एक पोर रडत होतं.

"बरा हाय," सिद्धाप्पा पुटपुटला. "बरा हाय त्यो. घरला न्यायचाय. तू जीपमदी बस जा, बाया."

"बरं हायत?"

"व्हय."

"मग ह्या डागदरला कशापायी मारताय? बरं केलेल्या डागदरला कोन कुऱ्हाड घिऊन हुडकतंय व्हय, दादा?"

मागं उभा असलेला एक दांडगा गडी हुंदका देऊन रडायला लागला. मायाप्पानं तोंड फिरवलं.

"सरक बाजूला!" सिद्धाप्पा एकाएकी गरजला. "बायकांचं काम न्हाई ह्ये. माजा भाऊ मारलाय त्येनं. सरक!"

त्यानं डाव्या हातानं तिला चौकटीवर ढकललं आणि उजव्या हातानं कुऱ्हाड उचलली. डॉक्टरनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिनं तवा फिरवला. दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून. तो सिद्धाप्पाच्या मनगटावर बसला. कुऱ्हाड निसटून फरशीवर आदळली आणि घसरत माझ्या पायाशी आली. मी ती पायानंच जिन्याखाली ढकलून दिली. सिद्धाप्पा मनगट धरून वाकला.

"पाय कापू का म्हनून इचारत व्हतं न्हवं हे लोक तुमास्नी?" ती म्हणाली. "रोज इचारत व्हतं. सांगा ह्यास्नी, काय म्हनलासा!"

"खोटं हाय!"

"कसला पाय?" मायाप्पा पुढं आला. "दादा, कसला पाय? तू तर म्हनलास, डागदरनं काय इलाजच केला न्हाई."

"पाय काढला असता तर जगला असता तो," डॉक्टर मागनं बोलला. आवाज फाटला होता त्याचा. "देवाशपथ सांगतो."

"तुजी देवाशपथ!" सिद्धाप्पा त्याच्यावर धावला, पण मायाप्पानं त्याची गचांडी धरली.

"आदी मला सांग. इचारलं व्हतं का न्हाई तुला?"

सिद्धाप्पानं सगळ्यांकडं बघितलं. जत्रेत हरलेला पैलवान बघतो तसं.

"इचारलं व्हतं," तो म्हणाला. मग ओरडायला लागला, "आन् काय सांगनार व्हतो मी? काप म्हनून? तालमीतला गडी त्यो! लाल मातीत उतरला की गाव बगाया यायचं. त्येला येका पायाचा करून गावात नेऊ? त्यो मला म्हनला असता, दादा, ह्याच्यापरीस गळा दाबायचा व्हतास! मला वाटलं, उतरंल ताप. देवाला बोललो व्हतो मी. मला वाटलं, उतरंल..."

"मला येका पायाचा चालला असता, दादा," बायाक्का म्हणाली. "खांद्याचा आदार दिऊन फिरवला असता मी. पाटकुळी घिऊन फिरवला असता. मला इचारलासा?"

मायाप्पानं गचांडी सोडली. एक पाऊल मागं सरला आणि काठी उभी सिद्धाप्पाच्या तोंडावर घातली. दात पडल्याचं मी डोळ्यांनी बघितलं. मग दुसरा सरसावला, मग तिसरा. मघाशी डॉक्टरसाठी वर चढलेल्या त्या काठ्या आता सिद्धाप्पाच्या पाठीवर, डोक्यावर, पायांवर पडायला लागल्या. "भाऊ खाल्लास, भाऊ खाल्लास" असं एक जण प्रत्येक फटक्याला म्हणत होता. आणि सिद्धाप्पा एकदाही हात वर करेना. गुडघ्यांवर बसून राहिला, मार खात.

"मरेल तो!" मी ओरडलो. "अरे, जीव जाईल त्याचा! सोडा!"

डॉक्टरही मधे घुसला. ज्याला मारायला ही माणसं आली तोच त्यांच्या काठ्या धरायला लागला. त्यालाही दोन-चार बसल्याच. ऐकतंय कोण? त्यांना कुणीतरी हवंच होतं मारायला.

"बायाक्का! तुम्ही थांबवा! तुमचं ऐकतील!"

ती चौकटीला टेकून बघत होती. मी तिचं तोंड बघितलं आणि मला भीती वाटली. तिला थांबवायचं नव्हतं. मरू दे, असं स्पष्ट दिसत होतं तिच्या डोळ्यांत. सिद्धाप्पा आडवा झाला, त्याच्या नाकातोंडातनं रक्त यायला लागलं, तरी ती बघतच होती.

मग तिचे ओठ हलले. पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ती मोठ्यानं बोलली.

"धन्यांपाशी कोन हाय?"

मायाप्पाची काठी वर होती, ती तशीच राहिली.

"आं?"

"तकडं दवाखान्यात. त्येंच्यापाशी आत्ता कोन बसलंय?"

मायाप्पानं मागच्याकडं बघितलं. त्यानं त्याच्या मागच्याकडं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. जीप भरभरून आलेली माणसं, सख्खी, चुलत, भावकीतली, एकूण एक इथं होती, माझ्या व्हरांड्यात. काठ्या एकेक करून खाली आल्या. कुणीतरी काठी भिंतीला टेकवली, कुणी तिथंच टाकली.

"येकटंच ठिवून आलासा?" तिनं विचारलं.

सिद्धाप्पा फरशीवर पडल्या पडल्या डोकं आपटायला लागला. डॉक्टर त्याच्यापाशी बसला आणि त्यानं आपला हात त्याच्या डोक्याखाली घातला.

तिनं तवा खाली ठेवला. पदर नीट डोक्यावर घेतला आणि जिना उतरायला लागली. खाली सगळीकडं काचा पडल्या होत्या, हिच्या पायात काही नव्हतं. मी मोडका हात छातीशी धरून "बायाक्का, काचा आहेत, बायाक्का, पाय" म्हणत मागं धावलो. तिनं ऐकलं नाही. रस्त्यावर बघ्यांची ही गर्दी. तिला वाट देत लोक मागं सरले. फरशीवर, पायऱ्यांवर, डांबरावर तिच्या टाचांचे तांबडे डाग उमटत होते, आणि तिच्यामागं मी, आणि माझ्यामागं खाली माना घातलेली ती सगळी माणसं.

बिराप्पा वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर होता. दंगा झाला तेव्हा सगळे पळाले, त्याला तिथंच भिंतीकडं सारून. स्ट्रेचरवर काचांचा चुरा पडला होता. चादर सरकून तो पाय उघडा पडला होता, मांडीपर्यंत काळा-निळा, सुजून फुगलेला. वास असा की मी नाकाला रुमाल लावला. माशा बसत होत्या. मायाप्पा दारातच थांबला, पुढं यायचा त्याचा धीर होईना.

ती पुढं गेली. हातानं माशा हाकलल्या. छातीवरचा, तोंडावरचा काचेचा चुरा बोटांनी एकेक करून वेचला. मग स्ट्रेचरच्या पायथ्याशी जाऊन तिनं तो पाय दोन्ही हातांनी हलकेच उचलला, कडेला टेकून आपल्या मांडीवर घेतला, आणि रोज डबा घेऊन येताना विचारायची त्याच आवाजात तिनं त्याला विचारलं,

"लई दुखत व्हता काय वो?"